अथीनेची उपासनेतील मूर्ती
प्राचीन ग्रीक देवी अथीना हिच्याविषयीच्या चर्चेत तिचे घुबड, तिची ढाल आणि अथेन्समधील पार्थेनॉन या तिच्या मंदिरातील, शिल्पकार फिडियसने घडवलेली सोन्या-हस्तिदंताची भव्य मूर्ती यांविषयी बरेच येते, मात्र इ.स.पू. 438 मध्ये प्रतिष्ठापना झालेली ती मूर्ती नगराच्या परंपरागत उपासनेचे केंद्र नव्हती, हे नोंदवणे आवश्यक वाटते. अथेन्सवासीयांची खरी श्रद्धा नगररक्षक 'अथीना पोलियास'च्या ऑलिव्हच्या लाकडाच्या प्राचीन मूर्तीवर होती, आणि ती आकाशातून पडली अशी त्यांची समजूत होती. पॅनाथिनाया या अथीनेच्या उत्सवासाठी निवडक मुली व स्त्रिया महिनोन्महिने खपून जे वस्त्र विणत, ज्यात देव आणि महाकाय दैत्यांच्या युद्धाची चित्रे गुंफलेली असत, ते याच मूर्तीसाठी असे.

याहूनही विलक्षण आहे तो प्लिंटेरियाचा, म्हणजे देवीची वस्त्रे धुण्याच्या उत्सवाचा दिवस. त्या दिवशी प्राक्सिएर्गिदाय घराण्यातील मंडळी मूर्तीचे अलंकार उतरवून ती झाकून ठेवत, आणि तो दिवस इतका अशुभ मानला जाई की कोणीही महत्त्वाचे काम हाती घेत नसे. सेनानी आल्किबियाडीस अनेक वर्षांनी अथेन्सला परतला तो नेमका याच दिवशी. त्याचे स्वागत जोरदार झाले खरे, पण देवीने त्याच्यापासून तोंड झाकून घेतले, असा अर्थ काहींनी लावलाच.