सुरत सोडून परत खानदेशात यावं का? पोरगा नववीत जाणार, जूनच्या आत ठरवायचंय

तापीकाठचा (धागा सुरू करणारा)
नमस्कार मंडळी, बरेच महिने मनात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या. मी शिंदखेडा तालुक्यातला. 2003 ला बारावीत आपटलो आणि सुरतची गाडी धरली, उधन्याला मामांकडे राहिलो, संचाखात्यात (पॉवरलूमच्या कारखान्यात) कांड्या भरण्यापासून सुरुवात केली आणि आज त्याच लाइनीत मास्तर आहे, म्हणजे संच्यांची देखभाल बघतो. 32 हजार पगार, डिंडोलीत दोन खोल्या, हप्ते मागच्या दिवाळीला फिटले. बायको घरी बसून साड्यांना लेस आणि टिकली लावते, तिचे सात-आठ हजार निघतात. पोरगा आठवी पास झाला, पोरगी पाचवीत.

गावाला नाना एकटे. आई मागच्या पौषात गेली. पाच एकर कोरडवाहू, त्यात कापूस, आणि तापीकडच्या तुकड्यात थोडी दादर (रब्बी ज्वारी). नानांना दोनदा सुरतला आणलं, आठ दिवसांत म्हणतात मला गाडीत बसवून दे, तिसरा मजला, खाली उतरलं तरी बसायला ओटा नाही, कोणाशी बोलणार. मागच्या महिन्यात रात्री पडले, सकाळी दूधवाल्याने पाहिलं तोपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून मला खात्यात काम करताना मोबाईल वाजला की धडकी भरते.

म्हणून आता परत यायचं म्हणतोय. पोरगा डॉक्टर व्हायचं म्हणतो, महाराष्ट्रात दहावी-बारावी झाली पाहिजे असं ऐकलंय, म्हणजे यायचं तर आत्ताच. चूक करतोय का ते सांगा.

गिरणाथडी
या. विचार काय करताय. बाप जिवंत आहे तोवर या, पैसे नंतरही मिळतात. माझे वडील गेले तेव्हा मी पुण्याहून निघालो आणि चाळीसगावला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यावर मी आजही कोणाशी बोलू शकत नाही. तुम्हाला तर दूधवाल्याने इशारा दिलाय.

लिंबायतची लेक
दादा, तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये नाना आहेत, पोरगा आहे, तुम्ही आहात. वहिनींच्या नावावर फक्त सात-आठ हजार रुपये आहेत. त्यांना विचारलंत का?

मी जन्मले लिंबायतला, घरात अहिराणीच बोलायचो, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या गल्लीत कानबाई देवी बसते, रोट होतात, सोमवारी विसर्जनाची मिरवणूक अशी निघते की धुळ्याहून आलेले पाहुणे तोंडात बोट घालतात. मला कोणी विचारलं तुझं राज्य कोणतं तर मी काय सांगू? आजोबा अमळनेरचे म्हणून मी अमळनेरची? मी तिथे लग्नाकार्याला तीन दिवस राहिलेय फक्त. पुरुष माणसं "परत जायचं" म्हणतात ना, त्यांचं ते परत असतं, बायकोचं आणि लेकरांचं ते नवीनच गाव असतं. वहिनी आज रिंग रोडच्या मार्केटमधून आलेलं काम घरी बसून करतात, पैसे स्वतःच्या हातात घेतात. गावाला हे काम कोण पोचवणार? तिथे त्यांच्या वाट्याला येणार चूल, नानांची औषधं, निंदणी, कापूस वेचणी आणि नळाला पाणी येईल त्या दिवशी हंड्यांची रांग, आणि ह्यातल्या कशाचा पगार कोणी देत नाही. नानांची सेवा करू नका असं मी म्हणत नाही, पण ती कोणाच्या अंगावर पडणार ते आधी स्पष्ट बोला.

पांढरं सोनं
मी तुमच्याच तालुक्यातला, शेती करतो, म्हणून खरं तेच लिहितो. शेतीच्या भरवशावर येत असाल तर अजिबात येऊ नका. हिशोब घ्या. पाच एकर कोरडवाहू, चांगलं वर्ष असेल तर एकरी पाच क्विंटल, म्हणजे पंचवीस क्विंटल. 2024-25 ला लांब धाग्याचा हमीभाव 7521 होता, पण सरकारी खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायला घरात पैसा लागतो, मी व्यापाऱ्याला दारातच 6800 नी दिला. झाले एक लाख सत्तर हजार. त्यातून बियाणं, खत, फवारण्या, निंदणी, आणि वेचणीच दहा रुपये किलोने पंचवीस हजार. गुलाबी बोंडअळी आली तर डिसेंबरनंतर झाडावर काही राहत नाही, आता फरदडसुद्धा (तेच झाड राखून नंतरचा कापूस) कोणी घेत नाही. हातात सत्तर हजार उरले तर मी देवाला नारळ फोडतो, आणि हे वर्षाचे बरं का, महिन्याचे नाही. तुमचा सुरतचा पगारच वर्षाला तीन लाख चौऱ्याऐंशी हजार होतो.

बरं नोकरी करीन म्हणाल तर धुळ्याच्या नाहीतर नरडाण्याच्या एमआयडीसीत पंधरा-सोळा हजारावर बोलणी सुरू होते. मास्तरकीचा अनुभव तिथे कोण विचारणार? आमच्याकडे एक म्हातारा सांगायचा, "भाऊ, गावले येवानं तर ये, पण सुरतनी खोली इकू नको." मी तेच सांगतो. खोली विकायची नाही, आणि नानांसाठी दोन हजार महिन्यावर एक माणूस लावा, रात्री ओट्यावर झोपेल.

गिरणाथडी
@पांढरं सोनं, पगाराने माणूस ठेवता येतो, मुलगा ठेवता येत नाही. आणि सुरतचा एवढा भरवसा कशाला धरता? सप्टेंबर 1994 ला प्लेग आला तेव्हा अर्धी उधना-लिंबायत भुसावळच्या गाड्यांना लोंबकळून गावाला आली होती, मी शाळेत होतो, आमच्या घरात तीन कुटुंबं राहिली. 2006 ला पूर, 2020 ला लॉकडाऊन, बायाबापड्या लेकरं काखेत घेऊन नवापूरच्या रस्त्याने चालत आल्या. संकट आलं की सुरत कामाला कुलूप लावते आणि गावच दार उघडतं. परक्या राज्यात शेवटी आपण परकेच.

लिंबायतची लेक
ह्या "परक्या"चा मला खूप राग येतो, माफ करा पण बोलतेच. ऑगस्ट 2006 ला आम्ही रांदेरला भाड्याने होतो, उकाई धरणातून पाणी सोडलं आणि रात्रीतून तळमजला बुडाला. वरच्या मजल्यावरच्या गुजराती मासींनी आम्हा पाच जणांना चार दिवस ठेवलं, होतं नव्हतं ते आधी आमच्या लेकरांच्या ताटात वाढलं. आणि 2020 ला माझा भाऊ दीडशे-दोनशे किलोमीटर चालून गावाला गेला तर गावाने वेशीवर अडवलं, शाळेत चौदा दिवस ठेवलं ते ठीक, नियम होता, पण नंतरही महिनाभर वहिनीला हातपंपावर येऊ दिलं नाही, सुरतचे रोग घेऊन आले म्हणून. तो परत गेला तो गेलाच. गाव कायम दार उघडतं हे तुमच्या घरी खरं असेल, आमच्या घरी नाही झालं.

तो पूर कुठून येतो तेही बघा, हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी तुमच्याच तालुक्यावरून उकाईला आणि तिथून सुरतला. नदी एक, माणसं तीच, मधे 1 मे 1960 ला रेघ पडली. आपलं-परकं त्या रेघेवर कसं ठरतं?

गिरणाथडी
ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं, आमच्या गावानेही तेव्हा काही जणांशी असं केलं हे मी पाहिलंय. परके शब्द मागे घेतो. पण बापाचं म्हणणं मागे घेत नाही.

दोंडाईचा_मॅडम
मी माध्यमिकला शिकवते, तेव्हा शाळेचं आणि कागदांचं लिहिते कारण वरती सगळे भावनेवर भांडतायत आणि पोरगं त्यात राहून गेलंय.

महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्याच्या 85 टक्के जागांना दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, हे तुम्ही बरोबर ऐकलं. पण तेवढ्यावर भागत नाही, डोमिसाईलही (रहिवासाचा दाखला) लागतो. सेतूत गेलात की 15 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागतात आणि तुम्ही 22 वर्षं बाहेर, आधार सुरतचं, मतदार यादी सुरतची, रेशनकार्ड सुरतचं. तुमचा जन्म आणि शाळा इथली आहे, सातबारा आहे, त्यावर काय होतं ते तहसीलला समोरासमोर विचारा. पोराचा टीसी काढायच्या आधी विचारा, नंतर नाही. माझ्या वर्गात एक मुलगी अशीच वापीहून आली, आई-वडिलांनी आधी सामान आणलं आणि मग कागद शोधायला लागले, लेकरू दीड वर्ष टांगणीला होतं.

दुसरी बाजूही बघा, मुलगा सुरतेत जन्मला, तिथूनच दहावी-बारावी केली तर गुजरातच्या कोट्यात अर्ज करू शकतो. फक्त तुम्ही ओबीसी असाल तर इथला जातीचा दाखला तिथल्या राज्याच्या आरक्षणात चालत नाही, तिथे तो ओपनला जाईल. इथे आरक्षण मिळेल पण पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांचा शाळेचा उतारा नाहीतर गाव नमुना शोधून ठेवा.

आणि यायचंच तर नववीला या. दहावीला शाळा बदललेली मुलं मी पाहिलीत, पहिली घटक चाचणी होईपर्यंत बोलत नाहीत. मराठी त्याला किती येतं?

तापीकाठचा
मॅडम, डोमिसाईलचं हे कोणीच सांगितलं नव्हतं, रात्री वाचलं आणि झोप उडाली. मराठीचं म्हणाल तर इंग्रजी मीडियम आणि दुसरी भाषा गुजराती. घरी बोलतो चांगलं. काल त्याला म्हटलं नानांना पत्र लिही, तर एक पान लिहिलं, वाचता येत होतं, पण एकाही अक्षरावर वरची रेघ नाही, सगळं गुजरातीसारखं उघडं. मी ते पान घडी करून खिशात ठेवलंय, का ते मलाही सांगता येत नाही.

@लिंबायतची लेक, ताई तुमची पोस्ट वाचून बायकोला विचारलं. आधी विचारलं नव्हतं हे खरं आहे. ती लगेच काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली, मग म्हणाली नानांचं मी करीन, मला त्यांचा लळा आहे, पण मी शेतात जाणार नाही आणि पाणी घरात आलं पाहिजे, आणि माझं काम मी सोडणार नाही. बावीस वर्षांत... लग्नाला सोळा झाली खरं तर, सोळा वर्षांत तिने काही मागितलेलं मला आठवत नाही.

नवापूर बॉर्डर
तुम्ही सगळे सुरत की शिंदखेडा एवढंच धरून बसलात. मी नवापूरचा, आमचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, एकाच फलाटावर दोन राज्यं. आमच्या एमआयडीसीत सुरतच्या कापडवाल्यांनी युनिटं टाकलीत, त्यांना संच्यावरचा माणूस लागतो आणि इथे तयार माणूस कमी. मास्तरला पगार सुरतएवढा नाही मिळणार पण पंधरा हजार पण नाही. पोरगा नंदुरबार जिल्ह्यात शिकेल म्हणजे महाराष्ट्रच झाला. शिंदखेडा ह्याच लाइनीवर, सकाळच्या गाडीत बसलात की नंदुरबार, दोंडाईचा करत जेवायला नानांकडे. लेसचं काम सुरतहून येणाऱ्या टेम्पोने येऊ शकतं, आमच्याकडे दोन-तीन बाया करतात असं. फक्त गाडी आणलीत तर जीजे-05 ची एनओसी काढून एमएच-39 करून घ्या, रोड टॅक्स परत भरावा लागतो, तो खर्च धरा.

पांढरं सोनं
हे मला पटतं. सुरतची खोली भाड्याने द्या, पाच-सहा हजार येतील.

गिरणाथडी
मला नाही पटत. रात्री पडले तर नवापूरहून पण पोचायला दोन-अडीच तास, मग फरक काय पडला? त्यापेक्षा नानांनाच नवापूरला आणा, तळमजल्यावर घर घ्या, ओटा असलेलं. ते सुरतला राहत नाहीत कारण तिसरा मजला, तुम्हीच लिहिलंय.

लिंबायतची लेक
आज पहिल्यांदा गिरणाथडी दादांशी सहमत. पण नानांनाही विचारा, जसं वहिनींना विचारलं.

तापीकाठचा
विचारलं, काल फोनवर. दादर काढून झाल्याशिवाय मी कुठे हलत नाही म्हणाले, आणि नंतर विचारतात, तिथे सकाळी पेपर येतो का. नाही म्हटले नाहीत एवढं मी धरतो.

सोमवारी सुट्टी टाकलीय, सुरत-भुसावळ पॅसेंजरने शिंदखेड्याला उतरून आधी तहसील. माझा शाळा सोडल्याचा दाखला नानांच्या लोखंडी पेटीत आहे, आजोबांचा उतारा ग्रामपंचायतीत नाहीतर जुन्या शाळेत बघतो. येताना नवापूरला उतरून दोन खात्यांत भेटायचं ठरवलंय. पोराचा टीसी अजून काढलेला नाही, मॅडम. खोली विकत नाहीये.

@नवापूर बॉर्डर, स्टेशनजवळ तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने कोणाच्या माहितीत असतील तर मेसेज करा. ओटा हवा आणि नळ घरातच हवा.