तेल थिजतं की गोठतं?

प्रश्न, सातारा
सहावीतल्या पुतणीच्या वहीत गाळलेली जागा होती : 'हिवाळ्यात खोबरेल तेल ____.' तिनं 'थिजते' लिहिलं. त्यावर लाल फुली आणि शेजारी 'गोठते'. आमच्या घरात आजवर तेल कधी गोठलेलं नाही. ते थिजतं, मग बाटली उन्हात ठेवायची. दोन्ही शब्द एकच धरायचे का? आणि आटणे, आळणे, साकळणे ही मंडळी याच घरातली की परकी?

कराड
मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ती फुली मी मारली नसती. दोन्हींत द्रवाचा स्थायूच होतो. पुस्तकाला एक ठरलेला शब्द लागतो म्हणून 'गोठणे' घेतला, त्यावरून 'गोठणांक' करता आला. 'थिजणांक' कुणी म्हणत नाही, एवढंच.

वापरात मात्र फरक आहे आणि तो उगाच पडलेला नाही. थिजतात ती स्निग्ध द्रव्यं : तूप, खोबरेल, रश्श्यावरचा चरबीचा तवंग. पाणी थिजलं असं कुणी म्हणत नाही. पाणी शून्य अंशाला गोठायला लागलं की सगळ्याचा बर्फ होईपर्यंत पारा तिथून हलत नाही. तुपाला असा एक आकडा नाही. त्यात नाना प्रकारचे स्निग्ध घटक, प्रत्येकाचा घट्ट होण्याचा अंश वेगळा. म्हणून थंडीच्या तोंडाला तुपाच्या डब्यात खाली कणी धरलेली असते आणि वर पिवळं पातळ तूप तरंगत असतं. धड घट्ट नाही, धड पातळ नाही. थिजणं म्हणजे ते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे साताऱ्याच्या डिसेंबरात बाटली सकाळी पांढरी आणि दुपारी पुन्हा पातळ.

माणूस भीतीनं थिजतोही आणि गोठतोही. तिथं मार्क नसतात.

सांगली
सर, मी शिकवणी घेते, थोडं वेगळं मत मांडते. शब्द सैल सोडले की मुलं 'साखर पाण्यात वितळली' लिहून मोकळी होतात. तिथं मी मार्क कापते आणि कापणारच. वितळायला उष्णता पुरते, विरघळायला दुसरा पदार्थ लागतो. चहात साखर विरघळते. कोरड्या कढईत मात्र ती वितळते, आणि वितळता वितळताच तांबूस होऊन करपायला लागते, म्हणजे तिथं नुसतं अवस्थांतरही राहत नाही. थिजण्याला सूट दिली तर उद्या याला का नको?

कराड
ताई, कारण थिजणं-गोठणं ही एकाच क्रियेची दोन नावं आहेत. वितळणं-विरघळणं या दोन क्रिया आहेत. तुम्ही कापता ते बरोबरच आहे.

वाळवा तालुका
आटणे आणि आळणे यावर मी बोलतो, घरचं गुऱ्हाळ होतं.

काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या पसरट कढईत, रस आटतो, म्हणजे त्यातलं पाणी वाफ होऊन जातं आणि माल कमी होतो. उसाच्या रसात पाच भागांतले चार भाग पाणीच असतं. ते भरपूर आहे तोवर चुलवाणात कितीही जाळ घाला, रस शंभर अंशांच्या जवळपासच रेंगाळतो. पाणी सरत आलं की मग तापमान चढायला लागतं. १०५-१०६ ला उतरवलं तर काकवी, ११८ च्या आसपास गेलं तर गूळ. गुळव्याला हे आकडे विचारले तर हसेल. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का बघतो आणि 'उतरवा' म्हणतो. त्यानंतर थोडाही उशीर चालत नाही, तेवढ्यात माल काळा पडतो.

आळणं वेगळं. पिठलं आळतं ते पाणी उडालं म्हणून नव्हे. बेसनातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, पाणी भांड्यातच असतं. आटतं ते कमी होतं, आळतं ते दाटतं. बासुंदी आटवतात, आमटीला पीठ लावून ती आळवतात. पुस्तकात आळण्याला जागाच नाही, कारण ते ना बाष्पीभवन ना गोठणं.

सांगली, मार्केट यार्ड
गुळाचा विषय निघालाच आहे तर 'पाघळणे' घ्या. आईस्क्रीम पाघळतं ते उष्णतेनं, ते वितळणंच. पण जुलैत गुळाचा रवा, म्हणजे ढेप, पाघळतो तेव्हा गरमी कुठं असते? उलट हवा गार असते. गुळातली साखर, त्यातही ग्लुकोज-फ्रुक्टोज, दमट हवेतली वाफ ओढून घेते आणि त्या पाण्यात गूळ बाहेरून विरघळत जातो. म्हणजे पाघळणं उन्हाळ्यात वितळणं आणि पावसाळ्यात विरघळणं! मिठाला पाणी सुटतं तेही याच जातीचं. 'सुटतं' म्हणतो, पण ते मिठातून येत नाही, हवेतून येतं. व्यापारी म्हणून सांगतो, हा फरक कळला नाही तर माणूस गूळ गार जागी ठेवून निर्धास्त होतो आणि माल घालवून बसतो. गुळाला गारव्याबरोबर कोरडी हवा लागते.

महाबळेश्वर
आमच्याकडं दर थंडीत बातमी येते : 'वेण्णा लेकला दवबिंदू गोठले.' मग लोक विचारतात, पारा चार-पाच अंशांवर दाखवतायत, बर्फ कसा झाला? तापमापी जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंच पेटीत असते. आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असला की गवत आणि गाड्यांचे टप रात्रभर उष्णता आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतीच्या हवेपेक्षा कितीतरी गार होतात. शून्य तिथं येतं, पेटीत नाही.

शब्दाचं म्हणाल तर बातमीतलं वाक्य निम्म्या वेळा बरोबर असतं. गवताच्या पात्यावर काचेसारखा गोल मणी दिसला तर दव आधी पडलं, मग गोठलं. पांढरी, भुसभुशीत, सुयांसारखी नक्षी दिसली तर तिथं दव झालंच नव्हतं, वाफेचा थेट स्थायू झाला. कापूर उडतो त्याची उलट वाट.

सातारा
सर्वांचे आभार. कापूर निघालाच म्हणून विचारते : कापूर उडतो आणि पेट्रोलही उडतं. मग 'उडणे' म्हणजे संप्लवन (स्थायूची थेट वाफ) की बाष्पीभवन (द्रवाची वाफ)? आणि साकळणे राहिलंच.

कराड
उडणे दोन्हींना चालतं. बोलणाऱ्याला वस्तू संपल्याशी मतलब. पेपरात कापराला संप्लवन, पेट्रोलला बाष्पीभवन. आणि रक्त साकळतं ते गार झालं म्हणून नाही. त्यात प्रथिनांच्या तंतूंचं जाळं तयार होतं. दूध विरजतं त्यासारखं हे रासायनिक प्रकरण, अवस्थांतराच्या धड्यात ते आणू नका. पुतणीच्या बाईंना मात्र एकदा भेटून या.