मदत हवी आहे : एक फोन, ४८ मुलं आणि इंग्रजी उच्चार

नमस्कार मंडळी. मी बडोद्याला गुजराती माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. वर्गात प्रोजेक्टर आहे. धडे त्यावर लावते, मुलं मन लावून बघतात, पण तोंड काही उघडत नाहीत.

खरी अडचण उच्चारांची. 'हॉल'चं 'होल' होतं, 'स्नॅक्स'चं 'स्नेक्स'. आपली मराठी मुलं 'ॲ' लहानपणापासून वाचतात. इथे दोन्ही शब्द सर्रास एकाच मात्रेने लिहितात, त्यामुळे मी दहादा म्हणून दाखवलं तरी मुलांना दोन्ही सारखेच ऐकू येतात.

मागच्या आठवड्यात फोनवर बोलून टाइप करायची सोय उघडली, भाषा 'इंग्रजी (भारत)' ठेवली आणि शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला 'हॉल' म्हणायला सांगितलं. उमटला भोक या अर्थाचा शब्द. पुन्हा म्हणाला, पुन्हा तेच. चौथ्यांदा जबडा चांगला खाली सोडून म्हणाला आणि 'हॉल' उमटलं! हजेरीलाही धड मान वर न करणारा हा मुलगा तास संपल्यावर माझ्यामागे आला, "बेन, बीजो शब्द आपो ने!" (बाई, दुसरा शब्द द्या ना!) मला भरून आलं.

पूर्ण वाक्य दिलं तर मात्र फोन संदर्भावरून शब्द ओळखतो आणि चुकीचा उच्चारही बरोबर लिहितो. म्हणून सुटे शब्दच देते.

आता विचारायचं हे की तास ३५ मिनिटांचा, फोन माझा एकटीचा. मुलांना फोन आणायला बंदी आहे आणि ती मला पटते. वर्गातल्या गोंगाटात फोन भलतंच काहीतरी लिहितो. कोणी हे जमवलंय का?

प्रतिसाद : ताई, मी ग्वाल्हेरला शिकवतो, आमच्याकडे 'स्कूल'चं 'इस्कूल' होतं. फोन व्हरांड्यात टेबलावर ठेवा आणि जोडी पाठवा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने उमटलेला शब्द वहीत लिहायचा. रोज ४ जोड्या केल्यात तर ६ तासांत सगळा वर्ग होईल. तोवर आत तुम्ही 'हॉल' किंवा 'होल' म्हणा, मुलांनी एक किंवा दोन बोटं दाखवायची. आधी कान तयार होऊ द्या. आणि भाषेची ऑफलाइन फाइल उतरवून ठेवा, नेट गेलं तरी अडणार नाही.

धागाकर्ती : जोडीचं उद्याच करते, दादा. पण बोटं दाखवताना मुलं शेजाऱ्याचं बघतात. डोळे मिटायला लावता का तुम्ही?