युरोप फॉर्म भरत बसला आणि गाडी सुटली

हिंजवडी_निशाचर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'युरोपचा एआय कायदा म्हणजे जगाला धडा.' डोकं फिरलं, म्हणून हे लांबण. बारा वर्षं जर्मन क्लायंटचं काम करतोय. 2018 पासून जीडीपीआर, म्हणजे युरोपचा वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा, मानगुटीवर होताच, ऑगस्ट 2024 ला वर एआय कायदा येऊन बसला. नोकरीच्या अर्जांची छाननी करणारं टूल आम्ही पाच आठवड्यांत उभं केलं. मग क्लायंटचे वकील, मग डेटा संरक्षण अधिकारी, मग बेट्रीब्सराट, म्हणजे कंपनीतली कामगारांची निवडून दिलेली समिती. आठ महिने गेले! शिवाय जगभरच्या उलाढालीच्या 7 टक्के दंडाची टांगती तलवार. कोण हात लावेल?

डच_पाणी:
7 टक्के बंदी असलेल्या प्रकारांना, म्हणजे कामावर माणसाच्या भावना ओळखणारी यंत्रणा वगैरे. तुमच्या टूलवर बंदी नाही, ते 'जास्त जोखमी'चं आहे. आणि का नसावं? इथे नेदरलँड्समध्ये करखात्याच्या यंत्रणेने राष्ट्रीयत्व हा जोखमीचा निकष धरला. मुलांच्या सांभाळाचं अनुदान घेणारे हजारो पालक फुकटात लबाड ठरले, कर्जात बुडाले. जानेवारी 2021 मध्ये सरकार पडलं. आमच्या खालच्या मजल्यावरची बाई अजून करखात्याचं पाकीट एकटीने फोडत नाही.

म्युनिकची_माई:
डेटा संरक्षणाचं कौतुक मला नका सांगू. ऑफिसात कुणाचा वाढदिवस कॅलेंडरवर टाकायचा तर संमती हवी. आणि घर बघायला जा! तीन महिन्यांची पगारपत्रकं, पासपोर्टची प्रत, पतदाखला, सगळं अनोळखी मालकाच्या हातात. रांगेत चाळीस जण. उरलेल्या एकोणचाळीस जणांच्या कागदांचं पुढे काय होतं, देव जाणे.

फ्रँकफर्टचा_भाऊ:
माई, व्हिएन्नात तर 2018 ला जीडीपीआरच्या धाकाने दारावरच्या बेलजवळची नावं काढायला निघाले होते. दोन लाखांवर घरं!

हिंजवडी_निशाचर:
बघा! हेच म्हणतोय मी.

डच_पाणी:
त्याची गरज नव्हती, हे युरोपीय आयोगानेच तेव्हा सांगितलं होतं. अर्धवट वाचून बोंब ठोकायची सवय.

हिंजवडी_निशाचर:
अर्धवट? रात्री दोनला तुमच्या लोकांचे ऑडिटचे कॉल मी घेतो साहेब. सायकलवरून कालवे बघत अक्कल शिकवणं सोपं आहे.

डच_पाणी:
पावसात चालवून दाखवा, मग बोलू.

फ्रँकफर्टचा_भाऊ:
दोघंही शांत व्हा. माई, डिसेंबर 2023 मध्ये युरोपीय न्यायालयाने शूफाच्या, म्हणजे जर्मनीत लोकांच्या पतीला गुण देणाऱ्या कंपनीच्या, खटल्यात सांगितलंय: बँक जर मुख्यतः त्या गुणांवरच कर्ज नाकारत असेल, तर गुण काढणं हाच यंत्राने घेतलेला निर्णय.

म्युनिकची_माई:
छान. त्या निकालाची प्रत मालकाला दाखवू? दारातच उभी करेल मला.

हिंजवडी_निशाचर:
बरं, नेदरलँड्सचं मान्य. पण ते पाप सरकारचं, भुर्दंड कंपन्यांना! आणि नोव्हेंबर 2025 मध्ये आयोगानेच जास्त जोखमीच्या कलमांची मुदत पुढे ढकलायचा प्रस्ताव मांडला. का बरं, शहाणपण संपलं?

डच_पाणी:
मुदत मागत कोण फिरत होतं? तुमच्या क्लायंटसारख्याच कंपन्या. तरी, कायदा पाळायचे तांत्रिक निकष वेळेत तयार नव्हते हे कबूल. एवढंच.

हिंजवडी_निशाचर:
एवढंच कसं? आठ महिने गेले माझे!

म्युनिकची_माई:
तुमचं चालू द्या. कुणाला म्युनिकमध्ये दोन खोल्यांचं घर माहीत आहे का? पगारपत्रकं तयार आहेत.