विषय: [मंडळ चर्चा] चेक्स अँड बॅलन्सेस आणि चढ्ढांचा खटला

प्रेषक: अण्णा

मंडळींनो, नमस्कार.

माझी अमेरिकन नागरिकत्वाची मुलाखत जवळ आली आहे. सरावाच्या प्रश्नांत एक प्रश्न असा: सरकारच्या एका शाखेला फार बलवान होण्यापासून काय रोखतं? 'चेक्स अँड बॅलन्सेस', म्हणजे शाखांचा एकमेकींवरचा अंकुश, हे उत्तर मला पाठ आहे. पण माझं आयुष्य सरकारी फायलींत गेलं. कागदावर नियंत्रण लिहिलं म्हणून ते अमलात येत नाही, हे मला कोणी सांगायला नको. मग या देशात ते आलं कसं? १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला चार महिने बसून सगळं ठरलं, असं नातवाच्या पुस्तकात आहे. मला ते पटत नाही. वर्षा, तू इथे कायदा शिकलीस, सवडीने लिही.

---

प्रेषक: वर्षा

अण्णा, नमस्कार.

तुमची शंका रास्त आहे. १७८७ च्या घटनेच्या मसुद्यात व्हेटो, म्हणजे अध्यक्षांचा नकाराधिकार, आहे, महाभियोग आहे, युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसकडे (प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून झालेल्या इथल्या संसदेकडे) आहे. पण काँग्रेसचा कायदा घटनाबाह्य ठरवायचा अधिकार सुप्रीम कोर्टाला आहे, असं स्पष्ट कुठेही लिहिलेलं नाही. तो १८०३ मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांनी मारबरी खटल्यात घेतला, आणि घेतला तोही मोठ्या चलाखीने. मारबरी म्हणजे अध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी जाता जाता नेमलेला एक लहानसा न्यायाधिकारी. नेमणूकपत्रावर शिक्का बसला, पण ते त्याच्या हाती पडलंच नाही. ते पोचवायची जबाबदारी तेव्हाच्या परराष्ट्रमंत्र्याची, म्हणजे खुद्द मार्शल यांचीच होती! आजचा न्यायाधीश अशा खटल्याला हातही लावणार नाही. मार्शल यांनी निकाल दिला, की मारबरीचा हक्क खरा. पण ज्या कलमाच्या आधारे तो थेट आमच्याकडे आला, ते कलमच घटनेत बसत नाही. नवे अध्यक्ष जेफरसन यांच्या सरकारला हुकूमच मिळाला नाही, तेव्हा तो मोडायचा कसा?

केंद्राच्या कायद्याविरुद्ध हे हत्यार पुन्हा निघालं ते थेट १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट खटल्यात. आणि कशासाठी, तर नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालणारा कायदा पाडण्यासाठी. कोर्टाचा अंकुश सत्कार्यालाच लागतो असं समजू नका.

व्हेटोचंही तसंच. पहिल्या सहा अध्यक्षांनी मिळून तो १० वेळा वापरला. एकट्या अँड्र्यू जॅक्सननी १२ वेळा. १८३२ चा बँकेचा व्हेटो तर 'हे धोरणच मला मान्य नाही' अशा भाषेतला होता. तिथून तो रोजच्या राजकारणात आला. १८६८ मध्ये दुसऱ्या अँड्र्यूंवर, जॉन्सन यांच्यावर, महाभियोग चालला आणि सिनेटमध्ये ते एका मताने वाचले. कोर्टाच्या निकालामुळे १९५२ ला अध्यक्ष ट्रुमनना ताब्यात घेतलेले पोलाद कारखाने परत करावे लागले, १९७४ ला अध्यक्ष निक्सनना आपल्या संभाषणांच्या टेप द्याव्या लागल्या. हे सगळं तुम्हाला नातवाच्या पुस्तकात मिळेल.

मला सांगायचं आहे ते जगदीश राय चढ्ढा यांच्याबद्दल. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या आपल्यासारख्यांनी हे नाव तरी ऐकलेलं असावं.

चढ्ढा भारतीय वंशाचे, जन्म केनियातला, पासपोर्ट ब्रिटिश. १९६६ मध्ये विद्यार्थी व्हिसावर इथे आले. १९७२ मध्ये व्हिसा संपला, ते राहिले, आणि त्यांना हद्दपारीची नोटीस आली. १९७४ मध्ये इमिग्रेशन न्यायाधीशाने त्यांची अडचण खरी मानली आणि हद्दपारी थांबवली. प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण कायद्यात एक मेख होती. अशी प्रत्येक सवलत काँग्रेसला कळवायची, आणि दोनपैकी एका सभागृहाने जरी 'नाही' म्हटलं तरी ती रद्द.

ही मेख कुठून आली? पूर्वी अशा एकेका माणसासाठी काँग्रेसला स्वतंत्र कायदा करावा लागे. त्याचा कंटाळा आला म्हणून अधिकार सरकारी खात्याला दिला, पण पूर्ण सोडवेना. सुनेच्या हाती कपाटाची किल्ली द्यायची आणि दुसरी आपल्या कमरेला ठेवायची, तसला प्रकार. १९३२ मध्ये अध्यक्ष हूवर यांना खात्यांची फेररचना करायची होती, तेव्हा ही युक्ती पहिल्यांदा वापरली गेली. पुढे ती जवळजवळ २०० कायद्यांत शिरली.

डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने ३४० प्रकरणं पाहिली आणि त्यातली सहा नावं खोडली. चढ्ढा त्यात होते. ठराव छापलेला नव्हता, सदस्यांच्या हाती प्रत नव्हती, चर्चा नाही, मतांची नोंद नाही. सभागृहात आवाजी 'हो' झालं आणि एका माणसाचं घर उठलं! गंमत म्हणजे कोर्टात इमिग्रेशन खातंसुद्धा चढ्ढांच्याच बाजूने उभं राहिलं, कारण प्रत्येक अध्यक्षाला ही दुसरी किल्ली सलत होती. जून १९८३ मध्ये ७ विरुद्ध २ असा निकाल लागला: कायद्यासारखा परिणाम घडवायचा असेल तर दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी आणि ठराव अध्यक्षांच्या टेबलावर गेला पाहिजे. आडवाट बंद.

तोवर कोर्टाने जितके कायदे पाडले होते, त्या सर्वांहून जास्त कायद्यांतली कलमं या एका निकालाने निकामी झाली.

---

प्रेषक: शेखर

वर्षाताई, छान लिहिलंस, पण गोष्ट अर्ध्यावर सोडलीस. चढ्ढांना न्याय मिळाला, याबद्दल वाद नाही. बिल कोणाच्या नावावर फाटलं ते बघ.

१९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यातही तुझी ती दुसरी किल्ली होती. अध्यक्षांनी आणीबाणी लावली, तर दोन्ही सभागृहं साध्या बहुमताने ती उठवू शकत होती, अध्यक्षांच्या सहीशिवाय. चढ्ढा निकालानंतर ते कलम टिकणार नव्हतं, म्हणून १९८५ मध्ये बदललं. आता ठरावावर अध्यक्षांची सही लागते. स्वतःच लावलेली आणीबाणी उठवायला कोणता अध्यक्ष सही करेल?

२०१९ ला हेच झालं. ट्रम्प यांनी सीमेवरच्या भिंतीसाठी आणीबाणी लावली. विरोधातला ठराव प्रतिनिधिगृहात २४५ विरुद्ध १८२ आणि सिनेटमध्ये ५९ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर झाला. ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे १२ सिनेटर पक्षाविरुद्ध गेले. जुन्या कायद्याप्रमाणे विषय तिथेच संपला असता. पण व्हेटो आला, आणि तो मोडण्याच्या मतदानात प्रतिनिधिगृहात २४८ मतं पडली. त्यासाठी लागणाऱ्या दोनतृतीयांशाला कमी. म्हणजे दोन्ही सभागृहांत बहुमत असूनही हरले.

सहा जणांना खोडणारी ती उपसमिती निर्दय होती, मान्य. पण तिला आवरताना अध्यक्षांवरचा एक चालता लगामही कापला गेला. अण्णांना 'समतोल' शिकवताना हेही सांग.

---

प्रेषक: मेलिंग लिस्ट संयोजक

चर्चा चालू द्या, पण २०१९ वर फार रेंगाळू नका. पुढच्या निवडणुकीवर गाडी गेली की धागा बंद करावा लागेल. आणि कोजागिरीला मसाला दूध कोण आणणार, त्या मेलला अजून एकाचंही उत्तर नाही.

---

प्रेषक: वर्षा

दूध मी आणते.

शेखर, तुझा मुद्दा मी खोडत नाही. आणीबाणीच्या बाबतीत तो सोळा आणे खरा आहे, आणि न्यायमूर्ती व्हाइट यांनी चढ्ढा निकालातल्या विरोधी मतात नेमकी हीच भीती घातली होती: हे हत्यार काढून घेतलंत, तर काँग्रेसपुढे दोनच वाटा उरतील, एक तर अधिकारच देऊ नका, नाहीतर देऊन हात चोळत बसा.

पण पारडं नेहमी अध्यक्षांकडेच झुकलं असं नाही. मंजूर पैसे खर्च करायला निक्सन नकार देत, म्हणून १९७४ मध्ये काँग्रेसने कायदा केला. त्यात अध्यक्षांना खर्च पुढे ढकलण्याची मुभा होती, पण एका सभागृहाला ती नाकारता येत होती. चढ्ढानंतर रेगन सरकार म्हणालं, नकाराचा भाग गेला, आमची मुभा राहिली. १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने सांगितलं, तसं नाही. नकाराची सोय नसती तर काँग्रेसने मुभा दिलीच नसती. सबब दोन्ही गेली, आणि धोरण पटत नाही म्हणून खर्च लांबवण्याची वाट अध्यक्षांनाही बंद झाली.

आणि एक गोष्ट अण्णांना नक्की पटेल. निकालानंतरही काँग्रेसने अशी कलमं लिहिणं सोडलेलं नाही. 'अमुक रक्कम इकडून तिकडे वळवण्याआधी समितीची मंजुरी घ्यावी' असं खर्चाच्या विधेयकात आजही असतं. अध्यक्ष सही करताना सोबत लिहून ठेवतात, की चढ्ढा निकालानुसार हे कलम आम्ही बंधनकारक मानत नाही. मग त्यांच्याच खात्यातला अधिकारी मुकाट्याने समितीला विचारून येतो, कारण पुढच्या वर्षी पैसे मागायला जायचं असतं ते त्याच समितीकडे.