पालकांच्या परवानगीविना विवाह: मध्ययुगीन कॅनन कायद्याने व्यक्तीला बळ दिले की फसवणुकीला वाट करून दिली?

पोथीशाळा (धागालेखन)

कॅथलिक चर्चच्या कायद्याचा, म्हणजेच कॅनन कायद्याचा, विषय निघाला की आपल्याकडे पहिली आठवण इन्क्विझिशनची होते, आणि गोव्याचा इतिहास पाहता ते स्वाभाविकही आहे. तरीही याच कायद्याने बाराव्या शतकात विवाहाबाबत जी भूमिका घेतली, तिची योग्य ती दखल आपण घेत नाही असे मला मनापासून वाटते. वधू आणि वर यांची संमती हाच विवाहाचा प्राण आहे, आईबाप, सरंजामदार किंवा राजा यांपैकी कोणाचीही परवानगी त्याच्या वैधतेला लागत नाही, हा नियम ज्या समाजात लग्न म्हणजे जमिनीचा व्यवहार होता त्या समाजात अमलात आणणे, हे मोठे धाडस होते.

थोडी पार्श्वभूमी देतो. इ. स. ११४० च्या सुमारास बोलोन्या येथे ग्रेशियन याने परिषदांचे ठराव, पोपांची पत्रे आणि चर्चच्या प्राचीन आचार्यांची वचने एकत्र करून त्यांतील परस्परविरोध सोडवणारा ग्रंथ रचला. तो 'डिक्रेटम' या नावाने ओळखला जातो आणि पुढे शतकानुशतके कायद्याचे विद्यार्थी त्यावरच शिकले. ग्रेशियनचे मत असे होते की संमतीने विवाहाचा आरंभ होतो आणि शरीरसंबंधाने तो पूर्ण होतो. पॅरिसमध्ये पीटर लोंबार्ड मात्र केवळ संमती पुरेशी मानत होता. पोप तिसरा अलेक्झांडर (कारकीर्द ११५९ ते ११८१) याने आपल्या निवाड्यांतून पॅरिसचा पक्ष बव्हंशी स्वीकारला. 'मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो' असे म्हटले की विवाह झाला. 'स्वीकारीन' असे वचन देऊन नंतर शरीरसंबंध आला, तरीही तो झाला. पुरोहित, साक्षीदार, मांडव, हुंडा यांपैकी काहीच त्याच्या वैधतेसाठी अनिवार्य नव्हते.

या नियमाची कसोटी पाहायची तर इंग्लंडमधील नॉर्फोक परगण्यातले १४६९ चे एक प्रकरण घ्यावे. पॅस्टन या जमीनदार घराण्याची पत्रे टिकून राहिल्यामुळे ते आपल्याला अगदी जवळून पाहता येते. घरची मुलगी मार्जरी हिने घरच्याच कारभाऱ्याशी, रिचर्ड कॉल याच्याशी, गुपचूप विवाहाची वचने घेतली. घराण्याला हा मोठा कमीपणा वाटला आणि दोघांना एकमेकांपासून दूर ठेवण्यात आले. अखेर प्रकरण नॉर्विचच्या बिशपांपुढे गेले. त्यांनी मार्जरीला तिच्या कुळाची, आप्तांची आणि घरच्यांचे न ऐकल्यास होणाऱ्या नुकसानीची जाणीव करून दिली, आणि मग तिने नेमके कोणते शब्द उच्चारले ते विचारले, कारण त्या शब्दांनी विवाह होतो की नाही एवढेच त्यांना ठरवायचे होते. तिने ते शब्द सांगितले. शिवाय, एवढ्याने विवाह पक्का होत नसेल तर येथून जाण्यापूर्वी मी तो अधिक पक्का करीन, असेही ती म्हणाली. नंतर कॉलची जबानी वेगळी घेण्यात आली. आई मार्गारेट हिने मुलीला घराचे दार कायमचे बंद केले, परंतु विवाह तिला मोडता आला नाही. धर्मपीठापुढे बापाची किंवा भावाची इच्छा हा मुद्दाच नव्हता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

साक्षीपुरावा

मार्जरीचे प्रकरण हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही, पण तिच्या बाजूने निकाल लागला तो दोघेही आपापले शब्द मान्य करत होते म्हणून. त्यांपैकी एकाने जरी कानावर हात ठेवले असते तर काय झाले असते? कॅनन कायद्याला पुराव्यासाठी दोन साक्षीदार हवे असत, आणि ज्या विवाहाला साक्षीदाराची गरजच नाही तो सिद्ध करताना मात्र ते मागितले जात. ही विसंगती सर्वांत जास्त भोगली ती फसवल्या गेलेल्या स्त्रियांनी. आपल्याकडची शकुंतलेची कथा सर्वांना ठाऊक आहे. गांधर्व विवाह वैध होता, तरी दुष्यंताने भर दरबारात ओळख नाकारल्यावर तिच्या हाती काय उरले होते?

युरोपात असे प्रसंग नित्याचे होते. एली येथील धर्मपीठाची १३७४ ते १३८२ या काळातील नोंदवही टिकून आहे आणि तिच्यातील विवाहविषयक प्रकरणांत बहुतेक विवाह असेच गुप्त केलेले आहेत. याहून कठीण परिस्थिती कायद्यानेच निर्माण केली होती. एखाद्या पुरुषाने एका स्त्रीशी गुप्तपणे विवाह केला आणि नंतर दुसरीशी चर्चच्या दारात सर्वांसमक्ष केला, तर पहिला विवाह सिद्ध न झाल्यामुळे न्यायालय त्याला दुसरीबरोबर राहण्याचा आदेश देई. आणि पहिला विवाह खरा आहे हे तो मनात जाणून असेल, तर त्याने बहिष्कार सोसावा पण त्या आदेशाप्रमाणे वागू नये, असा उपदेश त्याला केला जाई. माणसाचे अंतःकरण आणि न्यायालय यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारा नियम चांगला कायदा कसा म्हणता येईल?

शेवटी चर्चलाही हे मान्य करावे लागले. रोममध्ये भरलेल्या चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये गुप्त विवाहांना मनाई केली आणि विवाहापूर्वी जाहीर घोषणा करण्याचा नियम घातला, पण असे विवाह अवैध मात्र ठरवले नाहीत. ते घडले थेट १५६३ मध्ये, ट्रेंटच्या परिषदेत, जेव्हा धर्मग्रामाचे (पॅरिशचे) धर्मगुरू आणि दोन किंवा तीन साक्षीदार यांच्याविना केलेला विवाह रद्दबातल ठरवण्यात आला. म्हणजे अलेक्झांडरपासून मोजले तर जवळपास चारशे वर्षे हा दोष ठाऊक असूनही चालू ठेवला गेला.

पोथीशाळा

साक्षीपुरावा यांनी ट्रेंटचा दाखला दिला हे बरे झाले, कारण माझा मुद्दा तेथेच सर्वांत स्पष्ट होतो. त्या परिषदेत फ्रान्सच्या राजदरबाराचा आग्रह केवळ साक्षीदारांचा नव्हता. आईबापांची संमती नसेल तर मुलांचा विवाह अवैध ठरवावा अशी त्यांची मागणी होती. फ्रेंच राजा दुसरा आंरी याने १५५६ मध्येच आज्ञापत्र काढून अशा मुलांना वारशातून बेदखल करण्याचा अधिकार पालकांना दिला होता. परिषदेने साक्षीदारांची अट घातली, परंतु पालकांच्या संमतीची अट फेटाळली, आणि पालकांच्या संमतीवाचून झालेले विवाह अवैध आहेत असे म्हणणाऱ्यांचा त्याच आदेशात स्पष्ट शब्दांत धिक्कार केला. पुराव्याचा दोष दुरुस्त करताना मूळ तत्त्वाला धक्का लागू दिला नाही, ही मला कायदेशीर शहाणपणाची खूण वाटते.

याउलट काय घडू शकते हे इंग्लंडने दाखवले. रोमशी नाते तुटल्यामुळे ट्रेंटचा नियम तेथे लागू झाला नाही आणि अलेक्झांडरचा जुना नियमच प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये चालत राहिला. १७५३ मध्ये संसदेने हार्डविक यांचा विवाह कायदा करून गुप्त विवाह थांबवले खरे, पण त्याच कायद्याने एकवीस वर्षांखालील व्यक्तीने परवान्यावर (म्हणजे जाहीर घोषणेऐवजी परवाना घेऊन) केलेला विवाह पालकांच्या संमतीशिवाय रद्दबातल ठरवला. साक्षीदार आले, आणि त्यांच्याबरोबर बापाची सत्ताही परत आली.

सक्तीबद्दलही थोडे सांगावेसे वाटते. अलेक्झांडरच्या एका प्रसिद्ध निवाड्यात असा प्रसंग आहे: एका पुरुषाने एका स्त्रीला घरात ठेवले होते, तिच्यापासून त्याला मुले झाली होती आणि तिला पत्नी करण्याचे वचन त्याने अनेकांसमोर दिले होते. पुढे तो शेजाऱ्याच्या घरी एक रात्र राहिला असता त्या शेजाऱ्याच्या मुलीबरोबर सापडला, आणि मुलीच्या बापाने त्याला तिथल्या तिथे तिच्याशी विवाहबद्ध व्हायला लावले. पोपने कळवले की वचनानंतर पहिलीशी संबंध आला असेल तर तीच पत्नी. तसे नसेल तर दुसरी, मात्र खंबीर माणूसही डगमगेल अशा भीतीपोटी ते शब्द वदवून घेतलेले नसावेत. कोणाच्या घराण्याची अब्रू गेली हा प्रश्न तेथे विचारलेलाच नाही.

उलटतपासणी

पोथीशाळा यांचे वाचन दांडगे आहे, पण ते ज्याला व्यक्तीचे स्वातंत्र्य म्हणतात ते मला अधिकारक्षेत्राचे हस्तांतर वाटते. लग्न बापाच्या हातातून सुटले ते थेट धर्मपीठाच्या हातात गेले. संमतीसाठी ठरवलेली वयोमर्यादा पाहा: मुलीसाठी बारा वर्षे आणि मुलासाठी चौदा. बारा वर्षांच्या मुलीची संमती तिची स्वतःची होती असे कोण मानेल? आणि एका बाजूला संमती पुरेशी आहे असे सांगणाऱ्या याच कायद्याने दुसऱ्या बाजूला सातव्या पिढीपर्यंतच्या नात्यात विवाह निषिद्ध केला होता. सरदारवर्गात जो तो कोणाचा ना कोणाचा नातलग होता, त्यामुळे कंटाळा आला की वंशावळ काढायची आणि विवाह मुळात झालाच नव्हता असे सिद्ध करायचे, ही सोय श्रीमंतांना आयती मिळाली.

दर्यावर्दी

सात पिढ्यांचा हा निषेध त्याच १२१५ च्या परिषदेने चारवर आणला, हे येथे नोंदवायला हवे. आणि श्रीमंतांना सारे मिळत होते म्हणता, तर डेन्मार्कच्या इंगेबोर्गचे काय? फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याने १४ ऑगस्ट ११९३ रोजी तिच्याशी विवाह केला आणि दुसऱ्याच दिवशी तिला नाकारले. काँपिएन्य येथे राजाच्या मर्जीतील बिशपांनी खोटी वंशावळ मांडून विवाह रद्द ठरवला. तिला फ्रेंच येत नव्हते. निकाल समजावून सांगितल्यावर ती रडत 'दुष्ट फ्रान्स! रोम! रोम!' एवढेच म्हणू शकली, असे तत्कालीन इतिवृत्त सांगते. तिने केलेले ते अपील होते, आणि रोमने ते ऐकले. पोप तिसरा सेलेस्टीन याने तो निकाल फिरवला, आणि तिसरा इनोसन्ट याने १२०० मध्ये राजाच्या साऱ्या मुलखातील धर्मविधी काही महिने बंद पाडले.

उलटतपासणी

रोमने ऐकले, परंतु तिच्या पदरात काय पडले हेही सांगा. इंगेबोर्ग एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात जवळपास वीस वर्षे नजरकैदेत राहिली. १२१३ मध्ये राजाने तिला परत आणले ते इंग्लंडवर स्वारी करण्याचा बेत असताना, जेव्हा त्याला पोपशी आणि डेन्मार्कशी सलोखा हवा होता. मधल्या काळात त्याने ॲग्नेस या दुसऱ्या स्त्रीशी विवाह केला होता, आणि तिच्यापासून झालेल्या मुलांना त्याच तिसऱ्या इनोसन्टने १२०१ मध्ये औरस ठरवले. विवाहाचे तत्त्व अबाधित राहिले असेल. ती बाई मात्र तारुण्य घालवून बसली. कायद्याचे मोजमाप ग्रंथातील तत्त्वावरून करायचे की त्या कैदेवरून, हा माझा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर मिळालेले नाही.

पोथीशाळा

उत्तर देतो. तिच्या कैदेचा दोष राजाकडे जातो. कायद्याने तिला एवढेच दिले, पण एवढे नक्कीच दिले, की ती मरेपर्यंत फ्रान्सची राणी राहिली आणि युरोपातील बलाढ्य राजा वीस वर्षे खटपट करूनही ते बदलू शकला नाही. त्या काळातील दुसरी कोणती न्यायव्यवस्था परदेशी, एकट्या, भाषा न येणाऱ्या स्त्रीसाठी एवढे करू शकली असती, ते उलटतपासणी यांनी दाखवावे. वयोमर्यादेचा त्यांचा आक्षेप मात्र मला खोडता येणार नाही.

वसईचा वाचक

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करतो आणि आमच्या समाजातील प्रकरणे धर्मपीठापुढेही जाताना पाहतो, म्हणून चर्चा आजच्या काळापर्यंत आणतो. १९८३ च्या कॅनन संहितेचे कलम १०५७ आजही हेच सांगते की विवाह संमतीने होतो आणि त्या संमतीची जागा कोणतीही मानवी सत्ता घेऊ शकत नाही. बाराव्या शतकातील वाद येथे जिवंत आहे. परंतु संमती म्हणजे कशाला संमती, हा प्रश्न विसाव्या शतकात रोममधील रोटा या न्यायालयाने नव्याने हाताळला. न्यायाधीश आने यांच्या २५ फेब्रुवारी १९६९ च्या निवाड्याने सहजीवनाचा हक्क हाही संमतीचा विषय मानला, आणि पुढे संहितेच्या कलम १०९५ मध्ये मानसिक कारणांमुळे विवाहाची कर्तव्ये पेलण्याची असमर्थता हे अवैधतेचे कारण म्हणून आले. कलम १०९८ ने फसवणुकीलाही स्थान दिले, जे जुन्या कायद्यात असे स्वतंत्रपणे नव्हते.

माझी काळजी येथे सुरू होते. नुसता शब्द उच्चारला की विवाह झाला, इतकी सोपी असलेली संमती आता इतकी खोल झाली आहे की दहा वर्षांच्या संसारानंतर ती मुळातच नव्हती असे म्हणणे सोपे झाले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ मध्ये रोटाच्या न्यायाधीशांना बजावले होते की विवाहात आलेली अडचण म्हणजे असमर्थता नव्हे. शिवाय भारतात पक्षकारांची दुहेरी कोंडी होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात स्पष्ट केले की धर्मपीठाचा निकाल नागरी कायद्यापुढे विवाह संपवू शकत नाही. ज्यांना हे कोणी समजावून सांगत नाही ते धर्मपीठाच्या कागदावर विसंबून दुसरा विवाह करतात आणि फौजदारी अडचणीत सापडतात. धर्मपीठाचा निकाल हाती देतानाच हे लेखी सांगण्याची पद्धत सर्वत्र असायला हवी.

साक्षीपुरावा

वसईचा वाचक यांच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण कलम १०९५ बद्दलच्या त्यांच्या काळजीशी मी सहमत नाही. ज्या स्त्रीचा नवरा विवाहाच्या दिवशीच गंभीर मानसिक आजाराने ग्रासलेला होता, तिला 'तू शब्द उच्चारलेस, आता भोग' असे सांगणे, हा शब्दालाच सर्वस्व मानणाऱ्या जुन्या नियमाचा परिणाम होता. उथळ संमतीमुळे लोक फसतात, असेच मी पहिल्या प्रतिसादापासून म्हणत आलो आहे. रोटाने संमतीच्या अर्थाला सखोलता दिली हे योग्यच झाले.

वसईचा वाचक

गंभीर आजाराबद्दल आपला वाद नाही. जुना कायदाही विवाहाच्या वेळी भान नसलेल्याची संमती मानत नव्हता. माझा आक्षेप मधल्या, धूसर प्रकरणांबद्दल आहे. त्यांच्यासाठीच पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४१ मध्ये दोन गोष्टी घालून दिल्या होत्या: विवाहाच्या बाजूने बोलणारा विवाहबंधनाचा रक्षक प्रत्येक प्रकरणात उभा राहावा, आणि अवैधतेचे दोन सारखे निकाल लागल्याशिवाय पुनर्विवाह होऊ नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये दुसरी अट काढून टाकली. विलंब कमी व्हावा हा हेतू चांगला होता आणि गरीब पक्षकारांना त्याचा लाभही झाला, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु जो पक्षकार विवाह टिकावा म्हणून लढतो, आणि आमच्याकडे ती बहुधा बायको असते, तिच्याकडे आता अपिलाची मुदत आणि तो रक्षक एवढेच उरते. म्हणून त्या पदावर पूर्ण वेळ देणारा, प्रत्येक साक्षीदाराची जबानी वाचून लेखी मत देणारा माणूस प्रत्येक धर्मप्रांतात नेमला जावा, असे मला वाटते.