मदत हवी आहे: टाकीच्या तळाशी लाल अळ्या

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत, तळाच्या गाळात, लालभडक बारीक अळ्या झाल्यात. बादलीत घेतल्या की आठाच्या आकड्यासारख्या वळवळतात. शेजारचे काका डेंग्यू-डेंग्यू करून सगळ्यांना घाबरवतायत, पण मला त्या डासाच्या वाटत नाहीत. डासाच्या अळ्या श्वास घ्यायला पाण्याच्या वर येतात. या मात्र गाळाच्या नळ्या करून खालीच बसतात. लाल रंग हिमोग्लोबिनचा, त्यामुळे कमी ऑक्सिजनमध्येही तगतात. म्हणजे कायरोनोमिड (डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कीटकांच्या अळ्या), बरोबर ना? संध्याकाळी जिन्यातल्या ट्यूबलाइटभोवती पिसासारख्या मिशांचे, न चावणारे कीटक घोंघावतात, ते यांचेच प्रौढ नर असावेत.

टाकी उपसून, घासून घेतली तरी पुन्हा होतायत. माद्या पाण्याच्या कडेला जेलीसारख्या पुंजक्यात अंडी घालतात, मग आत शिरतात कुठून? झाकण घट्ट आहे. ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपला जाळी बसवली तर पुरेल का, आणि किती बारीक घ्यावी? नळ्यांतल्या अळ्या क्लोरीनने मरतात का? गप्पी मासे सुचवू नका, पिण्याच्या टाकीत सोडायला सेक्रेटरी तयार नाहीत. कोणी हे निस्तरलं असेल तर कृपया सांगा.